युरियाच्या थंड पाण्यातली हिरवी बाटली

दोस्तहो, आत्ताच वावरातून आलो. घरात हे कोणाजवळ बोलता येत नाही, म्हणून इथं लिहून राह्यलो.

आज कपाशीवर युरिया फवारायचा होता. बादलीत युरिया घोळला की पाणी थंडगार होते. माझा दादा बारावी सायन्स शिकलेला. दरवर्षी सांगायचा, "अबे, युरिया विरघळाले गर्मी लागते, थे पाण्यातूनच ओढून घेते. कळीच्या चुन्याचं उलटं. त्यात पाणी टाकलं का खदखदा उकळते."

मग आमच्या पिण्याच्या बाटल्या, झाकणं घट्ट लावून, तो त्याच बादलीत बुडवून ठेवायचा. त्याची हिरवी, माझी पांढरी. आमचा वावरातला फ्रीज.

उन्हाळ्यात दादा गेला. हार्ट अटॅक. त्याच्यामागं आजची ही पहिली फवारणी.

वहिनी घरून पिशवीत पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन आली. मी युरिया घोळला, पिशवीतल्या बाटल्या बादलीत बुडवल्या आणि पंप पाठीवर घेतला. एक पंप मारून पाणी प्याले आलो, तं माझ्या बाटलीजवळ दादाची हिरवी बाटली.

"वहिनी, हे कायले आणली?" तोंडातून निघूनच गेलं.

ती तण निंदत होती. मान वर केली नाही. "भरल्या गेली, भाऊजी. पण तुम्ही बी तं बुडवलीच ना."

त्या बाटलीले दोघांनीही तोंड लावलं नाही. धुऱ्यावर, बांधावरच्या उन्हात, काढून ठेवली. संध्याकाळी उचलली तं पार गरम.

तुमच्या घरी गेलेल्या माणसाचं ताट अजून चुकून वाढल्या जाते का? मग त्या ताटाचं काय करता?