चेंडूमागे गेलेला कॅमेरा

काजूची टरफलं जळल्याचा उग्र वास आला की मला लांज्याच्या कारखान्यातली ती जेवणाची सुट्टी आठवते. माझ्या शेजारी बसून काजू फोडणाऱ्या बाईची मुलगी परदेशात भारताच्या रग्बी संघातून खेळत होती. सात-सात जणींचे संघ, सामना आमचा डबा संपायच्या आत आटपणारा. माझा मोबाईल पाण्याच्या कळशीला टेकवून आम्ही सगळ्या दाटीवाटीने बसलो. मुलगी चेंडू काखेत धरून सुसाट निघाली, तोच एका धिप्पाड पोरीने कमरेला मिठी मारून तिला आपटलं. पडता पडता तिने चेंडू मागून येणाऱ्या मुलीकडे दिला. ती स्वतः मात्र उठली नाही. खेळही थांबला नाही. "शिट्टी का नाय वाजवत मेले?" आई ओरडली. कॅमेरा चेंडूमागे धावला, आमच्या संघातल्या त्या दुसऱ्या पोरीने रेषेपलीकडे चेंडू टेकवला आणि बायकांनी टाळ्या पिटल्या. आई मान वाकडी करून मोबाईलच्या कडेपलीकडे बघत होती, टरफलांच्या तेलाने काळ्या पडलेल्या अंगठ्याने चित्र बाजूला सारत होती. "अगो, माझी उठली काय?" मी चित्र मागे घेतलं असतं, तर ती पुन्हा पडतानाच दिसली असती. संध्याकाळी मुलीचाच फोन आला, नुसता दम कोंडला होता म्हणाली. आता ती खेळते तेव्हा आई मोबाईलकडे फिरकत नाही, मी बघते. सगळे चेंडू बघतात, माझी नजर मात्र तो जिथून सुटला तिथेच अडकून राहते.