मावशीच्या हातातलं पिल्लू

समोरच्या गॅलरीत एक गृहस्थ रेंजसाठी मोबाइल उंच धरून उभे आहेत, आणि मला थेट वसईची रोझीमावशी आठवते. नाताळच्या आठवड्यात रेडिओवर मुलांची मालिका लागायची. अस्वलाचं एक पिल्लू नाताळच्या झाडावरचा हरवलेला चांदीचा तारा शोधत हिंडायचं. आमचा रेडिओ मात्र मावशीने एरियलची तार धरली तरच बोलायचा. शेवटच्या भागात पिल्लू कड्याला लोंबकळलं आणि नेमका करंज्यांच्या कढईतून करपल्याचा वास आला.

"मेल्यांनो, माझ्या नेवऱ्या!"

"मावशी, हललीस तर पिल्लू पडेल!"

मावशी हलली नाही. पिल्लू वाचलं, ताराही सापडला.

नाताळच्या दिवशी फादर आले. मावशीने कोळशासारखी नेवरी त्यांच्यापुढे सरकवली.

"खा, फादर. एक जीव वाचलाय."