पत्र कॉलेजला आलं होतं

अंकलेश्वरला चंद्रावतीला सगळे मराठण म्हणायचे. शाळेत, नळावर, कॉलेजात, सगळीकडे. तिला त्याचं काही वाटायचं नाही, कारण ते खरंच होतं. घरात आईबाप पेणच्या खाडीकाठची बोली बोलत, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या जात, आणि सुक्या बोंबलाचा वास गेला की शेजारीण खिडकी लावून घेई. कधीतरी आपण आपल्या मुलखात जाऊ आणि हे नाव आपोआप गळून पडेल, असं तिने मनाशी धरलं होतं. एकोणीसशे एकोणनव्वदच्या जूनमध्ये ती रोह्याला राहायला आली, आणि आठ दिवसांत तिचं नाव पडलं, गुजरातण.

तिचा बाप कान्हू मूळचा पेणजवळच्या एका खाडीकाठच्या गावचा. एका उधाणाला गावचा बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं आणि तीन वर्षं तिथे भाताची काडी उगवली नाही. एक हंगाम त्याने मिठागरावर काढला, मग बायकोला, हौसाला, घेऊन गुजरात गाठलं आणि रंगाच्या कंपनीत लागला. चंद्रावती तिथेच जन्मली. त्याच कंपनीने रोह्याजवळ धाटावला नवं युनिट काढलं तेव्हा साहेबांना जाणता ऑपरेटर हवा होता. कान्हूने क्षणभरही विचार केला नाही.

चंद्रावतीची बी.एस्सी.ची दोन वर्षं झाली होती. एकच राहिलं होतं. "माझं शेवटचं वर्ष हाय बाबा," ती म्हणाली.

"मग? तिकडं कॉलेजं नायत? केमिस्ट्री काय राज्य बदललं की बदलते?"

बदलते, हे तिला पेणच्या कॉलेजात पहिल्याच तासाला कळलं. अंकलेश्वरला ती सगळं गुजरातीतून शिकली होती. इथे सर फळ्यावर इंग्रजी लिहीत आणि तोंडाने इंग्रजी बोलत. पदार्थ तेच, काचेची भांडी तीच, पण नावं सगळी परकी. त्यात तिने पहिल्याच दिवशी बाईंना गुजराती सवयीने "बेन" म्हटलं. वर्ग असा हसला की बाईंनाही हसू आवरेना. तिने वही उघडली तर शेजारची मुलगी डोकावून म्हणाली, "अगं, तुझ्या अक्षरांवर रेघच नाही! सगळ्यांची छपरं उडाली." गुजरातीला वरची रेघ नसते. चंद्रावती मराठी बोलायला आईकडून शिकली होती, पण लिहायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं. वळणही गुजराती, आकडेही गुजराती. सरांनी तिचं जर्नल दोनदा परत केलं, कारण तिचा पाच त्यांना पाच वाटेना.

तिने नेटाने सगळं केलं. पहाटेच्या एस.टी.ने रोह्याहून निघायचं, नागोठण्याला बसायला जागा मिळाली तर शब्दकोश उघडायचा, वडखळच्या नाक्यावर गाडी अडकली की पाठ केलेलं पुन्हा म्हणायचं. प्रॅक्टिकल उशिरापर्यंत असलं की ती आत्याकडे राहायची. आत्या, गोदूबाई, अजून त्याच खाडीकाठच्या गावात होती. उन्हाळाभर मिठागरावर राबणारी, काटक, मोठ्या आवाजाची बाई. तिच्या घरी चंद्रावतीला कुणी काही म्हणत नसे. पण गावातल्या बायका आत्याला विचारत, "ही गुजरातची पोर मराठी बोलते गो?" आणि आत्या म्हणे, "तुज्यापेक्षा बरी बोलते. निदान ऐकून तरी घेते."

दिवाळीपर्यंत हसणं कमी झालं. रसायनाच्या वर्गात अकरा जण होते, आणि हाताने काम करायची वेळ आली की त्यातले चार तिच्या टेबलाशी येऊन उभे राहत. लॅबचे शिपाई केरूमामा एकदा म्हणाले, "तुझा हात चांगला हाय पोरी. कमी बोलतेस, पण सांडत नायस." तिला वाटलं, आता जमलं.

फेब्रुवारीच्या शेवटी परीक्षेची हॉल तिकिटं आली. दहा आली. अकरावं नव्हतं.

ती ऑफिसच्या खिडकीशी गेली. खिडकीत गुणाजीराव होते, कॉलेजचे मोठे क्लार्क. वयाने पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, समोर पानाचा डबा. त्यांनी फाईल चाळली आणि न बघता म्हणाले, "तुझी एलिजिबिलिटी झालेली नाही. आधीच्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट दिलेलं नाहीस. विद्यापीठाने फॉर्म अडकवला."

"मला कुणी मागितलंच नाय," ती म्हणाली. "जुलैमध्ये जे जे सांगितलं ते सगळं दिलं मी. तुम्ही स्वतः तपासून घेतलं."

"मागितलंय ना. विद्यापीठाचं पत्र आलंय."

"कधी?"

"आलंय."

"मग मला का नाय सांगितलं?"

गुणाजीरावांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "पत्र कॉलेजला आलं होतं," ते म्हणाले. "तुला नाही." आणि पुढच्याला हाक मारली.

चंद्रावती खिडकीतून बाजूला झाली. तिला आधी काही कळेचना. मग लक्षात आलं. ज्या कागदावर तिचं नाव होतं, ज्याने तिचं वर्ष जाणार होतं, तो कागद तिचा नव्हता!

दुसऱ्या दिवशी ती अर्ज लिहून घेऊन गेली. गुणाजीरावांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे काय? 'माझी चूक नाय'? नाही. शुद्ध लिहून आण." तिने तिथेच भिंतीला वही टेकवून पुन्हा लिहिला. मग ऱ्हस्वदीर्घ निघालं. तिसऱ्यांदा रेघ. "ही लिपी कुठली? आम्ही गुजरातीत अर्ज घेत नाही." खिडकीमागचे दोघे हसले. "हे बघ," गुणाजीराव जरा मऊ आवाजात म्हणाले, "परराज्यातून आलं की असं होतंच. पुढच्या वर्षी बस. मुलीच्या जातीला काय घाई आहे?"

ती जिना उतरली. रडू येत नव्हतं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. खाली केरूमामा बाटल्या विसळत होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "पोरी, आलेल्या प्रत्येक कागदावर आवकचा शिक्का असतो. तारखेचा. तो बघायला माग."

तिसऱ्या दिवशी ती अकरा वाजता खिडकीशी उभी राहिली. अर्ज नाही, काही नाही.

"मला ते पत्र बघायचंय."

"ऑफिसचे कागद विद्यार्थ्यांना दाखवत नाहीत."

"मग मी हितनं हलत नाय."

आणि ती हलली नाही. खिडकी एकच. मागे फॉर्मवाल्यांची रांग लागली, ती जिन्यापर्यंत गेली. पोरं आधी ओरडली, मग काय चाललंय ते विचारू लागली, आणि तिने विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. मोठ्याने, खाडीच्या बोलीत, मध्ये गुजराती शब्द आला तर तोही तसाच. एक वाजता जेवणाची सुट्टी म्हणून गुणाजीरावांनी खिडकी लावली. दोनला उघडली तर ती तिथेच. तीनच्या सुमारास गलका ऐकून प्राचार्य स्वतः बाहेर आले. सरळ स्वभावाचे, पण वाद म्हटला की अंग काढून घेणारे गृहस्थ.

"काय पाहिजे तुला?"

"एक शिक्का बघायचाय सर."

फाईल आली. पत्रावर जांभळा शिक्का होता. बारा सप्टेंबर. खाली विद्यापीठाने टाईप केलं होतं की साठ दिवसांत मूळ प्रमाणपत्र पाठवावं. प्राचार्यांनी ते वाचलं, गुणाजीरावांकडे पाहिलं, आणि गुणाजीरावांनी भिंतीकडे पाहिलं. बारा सप्टेंबर ते फेब्रुवारीअखेर. त्या साडेपाच महिन्यांत चंद्रावती त्या खिडकीसमोरून रोज दोनदा गेली होती.

आता कुणीतरी म्हणेल, चूक झाली. ती वाट बघत राहिली.

"बरं, झालं ते झालं," प्राचार्य म्हणाले. "वाद नको. तू मूळ सर्टिफिकेट आण, मी विद्यापीठात बोलतो. दहा दिवसांच्या आत आण मात्र."

दहा दिवस तिला, आणि साडेपाच महिने त्यांना. पण ती गेली. कान्हूला नव्या युनिटवर रजा मिळेना. तेव्हा गोदूबाई म्हणाली, "मी येते." पेण तालुक्याच्या बाहेर फारशी न गेलेली ती बाई लुगडं खोचून, भाकऱ्या बांधून सुरतेच्या गाडीत बसली. तिथल्या, चंद्रावतीच्या जुन्या विद्यापीठात एका म्हाताऱ्या क्लार्कने नाव विचारलं, रजिस्टर काढलं, म्हणाला, "बेसो, बेन," आणि चहा मागवला. दुपारच्या आत सर्टिफिकेट तिच्या हातात होतं.

गोदूबाई खूश झाली. "बघ गो, किती चांगला माणूस."

"आत्या, तो चांगला हाय म्हणून माझा राग जास्तच वाढला," चंद्रावती म्हणाली. "अर्ध्या दिवसाचं काम व्हतं गो हे! अर्ध्या दिवसाचं!" परतीच्या पूर्ण प्रवासात ती धड जेवली नाही.

हॉल तिकीट परीक्षेच्या चार दिवस आधी मिळालं. गुणाजीरावांनी ते खिडकीतून सरकवलं आणि म्हणाले, "बघ, दिलं की नाही करून?" तिने तिकीट वहीत ठेवलं. अभ्यासाचे बारा दिवस गेले होते, आणि त्यातला एकही ते तिला परत करणार नव्हते.

निकाल जूनमध्ये लागला. प्रथम वर्ग थोडक्यात हुकला. चार गुण कमी. पण प्रॅक्टिकलमध्ये ती कॉलेजात पहिली आली होती, म्हणून जुलैत गुणवंतांच्या सत्काराला तिचं नाव निघालं. कान्हू शिफ्ट बदलून आला, हौसा नवं पातळ नेसून आली, गोदूबाई तिसऱ्या रांगेत मधोमध बसली.

प्राचार्यांनी भाषणात तिचं नाव घेतलं. "परराज्यातून आलेली ही मुलगी," ते म्हणाले, "भाषेची अडचण, कागदपत्रांची अडचण. पण आपल्या कॉलेजने तिला मायेने सामावून घेतलं. आपल्या ऑफिसने, विशेषतः गुणाजीरावांनी, धावपळ करून तिचं वर्ष वाचवलं." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत गुणाजीरावांनी बसल्या बसल्या हात जोडले.

नारळ आणि पुस्तक हातात दिल्यावर तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. दोन शब्द म्हणजे आभार, हे तिलाही माहीत होतं. तिने नारळ टेबलावर ठेवला.

"सर म्हणाले ते खरं नाय," ती म्हणाली. माईक किंचाळला. ती थांबली, आणि तो गप्प झाल्यावर पुढे बोलली. "माझं वर्ष ऑफिसने वाचवलं नाय. माझं वर्ष ऑफिसने घालवलं व्हतं. पत्र बारा सप्टेंबरला आलं आणि मला फेब्रुवारीत कळलं. ते मी स्वतः जाऊन निस्तरलं. माझी आत्या माझ्यासंगं आली, ती बघा तिथं बसलीय. धावपळ तिनं केली. आणि मी परराज्यातली नाय. हितनं तासाभराच्या वाटेवर माझ्या बापाचं शेत खाडीच्या पाण्याखाली गेलं, म्हणून आमी गेलो व्हतो. पण मी खरोखरच परकी असते, पार बंगालातून आली असते, तरी ते पत्र माझंच व्हतं."

ती उतरली.  मग मागून, दाराशी उभ्या असलेल्या केरूमामांच्या टाळ्या आल्या. मग काही पोरांच्या. सगळ्यांच्या नाही. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. प्राचार्य राष्ट्रगीत होईपर्यंत खाली मान घालून बसले.

बाहेर आल्यावर कान्हू तिच्यावर चिडला. "एवढं बोलायची काय गरज व्हती? काम झालं व्हतं ना आपलं? चार लोकांत माणसाचं नाक कापलंस. अजून दाखला घ्यायचाय त्यांच्याकडनं."

"त्यांनी माझं काम केलं असं ते सांगत व्हते बाबा. तुमी ऐकून टाळ्या वाजवल्यात."

"वाजवल्या. मग काय करणार? आपल्याला हितं राहायचंय."

"मला पण राहायचंय," ती म्हणाली. "म्हणून तर बोलली."

 रोह्याच्या गाडीत तो बायकोशेजारी न बसता पुढे एकटाच बसला. हौसा मुलीचा हात धरून बसली होती, पण मुलीने बरोबर केलं की चूक, ते तिनेही सांगितलं नाही.

दाखला अर्ध्या तासात मिळाला. सहीसाठी तिला एकदाही थांबायला लागलं नाही. पुढच्या जूनमध्ये कॉलेजच्या फलकावर, दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांनी कोणकोणती कागदपत्रं कधीपर्यंत द्यायची याची टंकलिखित यादी लागली. ती केरूमामांनी पाहिली आणि एकदा बाजारात भेटल्यावर तिला सांगितली. खाली सही कुणाची, तर गुणाजीरावांची.

तोवर चंद्रावती धाटावच्या एका कंपनीत लॅबला लागली होती. तिथे बिहारची माणसं होती, आंध्रची होती, जवळच्या कोलाडची होती; कामात हात साफ असला की पुरे व्हायचं. बापाचा राग दसऱ्यापर्यंत उतरला. एकदा कंपनीच्या बसस्टॉपवर कुणाला तरी तो सांगताना तिने ऐकलं, "माझी पोर. भर सभेत बोलली व्हती." तिला पाहताच त्याने विषय बदलला.

तिचा स्वतःचा मात्र राग गेला नाही, आणि तो घालवायची तिने खटपटही केली नाही. चार वर्षांनी गुणाजीराव निवृत्त झाले. निरोप समारंभाचं छापील आमंत्रण माजी विद्यार्थिनी म्हणून तिलाही आलं, या वेळी थेट तिच्या पत्त्यावर, वेळेवर. त्या दिवशी तिची पहिली शिफ्ट होती. नसती, तरी ती गेली नसती.