पू? एक थेंब न्हाई!

पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त फार दिवस ठेवता येत नाही, किस्से मात्र साठतच जातात. डांगे चौकाजवळच्या आमच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम माझं. सुई दिसली की भलेभले बडबडायला लागतात, आणि ऐकायला मी असतेच! आता सांगतेय ते मात्र सगळे एकाच घरातले.

*

निघोजे गावचं तान्हं बाळ. ताप हटेना म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. पांढऱ्या पेशींचा आकडा एवढा प्रचंड आला की मला वाटलं मशीनच बिघडलं. सॅम्पल पुन्हा लावलं, तरी तेच.

बाळाचे वडील सचिन चाकणला कंपनीत सुपरवायझर. शिफ्ट अर्धवट सोडून आले होते. रिपोर्ट बघून त्यांचा चेहरा खुलला. "पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिकच ना? मग फौज मोठी आहे की राव आमच्या पोराची!"

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम एरवी अशा बोलण्यावर मनमोकळं हसतात. त्या दिवशी हसल्या नाहीत.

*

बाहेर बाकावर सचिनच्या आई, म्हणजे आजी, बाळाला मांडीवर घेऊन शेजारी बसलेल्या बाईकडे गाऱ्हाणं सांगत होत्या. बारसं उरकलं, पाहुणे जेवून गेले, पण पोराची नाळ काही पडेना. "ज्यानं पडावं त्येच चिकटून बसलंया."

मॅडम केबिनमधून उठून बाहेर आल्या. दुपटं बाजूला करून बघितलं, तर बेंबी लालभडक. पू येतो का, त्यांनी विचारलं.

आजींना ते लागलं. "रोज न्हाऊ-माखू घालतो आमी. पू कशाला व्हईल? एक थेंब न्हाई."

"आजी, थोडासा तरी?"

"न्हाई म्हंजी न्हाई."

डॉक्टरनं पू असावा म्हणून अशी गळ घातलेली मी पहिल्यांदाच बघितली. कारण तेव्हा कळलं नव्हतं.

*

सचिनना समजावताना मी तिथेच होते. मॅडम म्हणाल्या, पांढऱ्या पेशी रक्ताबरोबर धावत असतात. कुठे जंतू शिरले की तिथल्या रक्तवाहिनीच्या भिंतीवर त्या आधी घरंगळतात, मग घट्ट चिकटतात आणि फटीतून बाहेर पडून जंतूंवर तुटून पडतात. चिकटायला पेशींच्या अंगावर खास प्रथिनं लागतात. बाळाकडे तीच नसावीत. पू म्हणजे बाहेर पडून लढता लढता मेलेल्या पेशी. पू नाही, म्हणजे बाहेर कोणी पोचलेलंच नाही.

सचिन म्हणाले, "म्हणजे बस फुल्ल आहे, पण कंपनीच्या गेटवर कोणी उतरतच नाही."

"हो."

"मग आत काम कोण करतंय?"

"सध्या तरी फक्त औषधं," मॅडम म्हणाल्या.

ते शिफ्टला परत गेले नाहीत. बाहेर येऊन आईशेजारी बसून राहिले.

*

मोठ्या लॅबमधल्या तपासणीत संशय खरा ठरला. पांढऱ्या पेशी तयार होतात हाडातल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत. बाळ जगवायचं तर दुसऱ्याचा मगज त्याच्या अंगात रुजायला हवा. जुळला तो थोरल्या बहिणीचा. ती पहिलीत.

तिचं रक्त काढताना मला रडारडीची धास्ती होती. बाईसाहेबांना चिंता वेगळीच. "माझं दिल्यावर तो माझ्यासारखा हट्टी होईल?"

आजींनी तोंडाला पदर लावला. "व्हऊ दे गं बाई. लई हट्टी व्हऊ दे."

त्यानंतर बाळ पुण्याच्या हॉस्पिटलात काचेआड. मगज रुजला का, रुजून त्या पेशी चिकटायला लागतील का, कोणीच छातीठोक सांगेना. सचिनचा फोन आला की मला उचलायची भीती वाटायची, आणि नाही आला की जास्तच.

*

मग एका सकाळी लॅब खचाखच भरलेली असताना आजी दारात उभ्या. मला आधी धस्सच झालं. मग हातातला पेढ्यांचा बॉक्स दिसला.

आजी बाकावरच्या प्रत्येकाला पेढा देत सुटल्या. आकुर्डीच्या एका काकूंनी पेढा घेत कौतुकानं विचारलं, "काय झालं आजी? नातू की नात?"

"पू झाला," आजी म्हणाल्या. "नातवाच्या अंगठ्याला नखुर्डं झालं, त्यात चांगला पिवळाधम्मक पू. तिथलं डाक्टर बी बघून हसलं!"

काकूंचा पेढा तोंडापाशीच थांबला. मॅडमनी दोन घेतले.