आईचे उसवलेले टाके

हे मी नितीनलाही सांगितलेलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या सगळ्या खोडी त्याला पाठ आहेत — एवढं सोडून. भावाला सांगायचा तर प्रश्नच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या आईला ओळखत नव्हतात. तेवढंच जरा सोपं जातं.

मी ब्रिस्टलमध्ये गोधड्या शिवते. नितीन हॉस्पिटलला आणि इरा शाळेत गेली की डायनिंग टेबल माझं. कापडाच्या पट्ट्या कापायच्या, रंग एकमेकांशेजारी ठेवून बघायचे, पटले नाहीत की पुन्हा मांडायचे — चहा तिथेच गार होऊन जातो. मग खिडकीत उजेड आहे तोवर व्हिडिओ करायचा आणि टाकायचा. लोक खाली लिहितात, तुमचं काम बघून किती शांत वाटतं. शांत! माझी एक शिवण वाकडी गेली तर घरातलं कुणी माझ्या वाऱ्याला उभं राहत नाही. वाकडा टाका दिसला की तो उसवेपर्यंत मला चैन पडत नाही. पण ही नुसती खोड झाली. सांगायचं आहे ते हे नव्हे. मी अजून आडवळणानेच चालले आहे, कळतंय मला.

काही वर्षांपूर्वी आई साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. बाबा गेल्यापासून एकटीच राहायची. गणिताच्या निवृत्त बाई — स्कूटर चालवायची, बँकेची कामं स्वतः करायची, कधीकाळचे विद्यार्थी रस्त्यात भेटले तर आडनावासकट हाक मारायची. ईस्टरच्या सुट्टीत नितीनने आम्हा सगळ्यांना केनियाला नेलं. स्वस्तात मिळालं म्हणून स्वारी खूश होती. स्वस्त का, ते तिथे उतरल्यावर कळलं. एप्रिल म्हणजे तिथला ऐन पावसाळा. जीप चिखलात रुतायची. सिंह सोडाच, समोरचं झाड धड दिसत नव्हतं. शेवटी आम्ही लॉजच्या व्हरांड्यात बसून राहिलो, इरा कंटाळलेली आणि नितीन ओशाळलेला.

मग मीच टूम काढली. वाटेतल्या बाजारात मी तिथल्या बायका नेसतात ती छापील सुती कापडं घेतली होती. म्हटलं, सहलीची गोधडी करू, प्रत्येकाने एक चौकोन भरायचा. सगळ्यांना वाटलं, किती गं हौशी! पण खरं सांगू? करमणूक वगैरे काही नव्हतं माझ्या मनात. मला व्हिडिओ हवा होता. तीन पिढ्या, आफ्रिकेतला पाऊस आणि एक गोधडी — नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं मी.

आई मन लावून बसली. तिचा धावदोरा मोठा मोठा, जरा तिरका, निळ्या दोऱ्याचा. शिवता शिवता ती गुणगुणत होती. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच मी तिला गुणगुणताना ऐकत होते — आणि मी काय बघत होते? टाके. इराचे वेडेवाकडे टाके चालतील, लहान मुलगी आहे, गोड दिसेल. आईचे मात्र नुसते गबाळे दिसत होते.

जेवून ती आडवी झाली तेव्हा मी तिचा चौकोन उसवला. सगळा. नितीन आणि इरा आत पत्ते खेळत होते. तिच्याच सुईच्या खुणांवरून, तिच्याच निळ्या दोऱ्याने, माझ्या बारीक टाक्यांनी मी तो पुन्हा भरला. तिला कळणार नाही असं मला वाटलं होतं का? की कळलं तरी चालेल असं? आठवत नाही. काम छान झालं, याचंच समाधान होतं.

ती उठली तोवर सगळे व्हरांड्यात आले होते. तिने चष्मा लावला, चौकोन हातात घेतला, उलटा करून पाहिला.

"हे माझे टाके नाहीत गं."

किती सोपं होतं तेव्हा! मी उसवले, आई — एवढंच म्हणायचं. फार तर रागावली असती, संध्याकाळपर्यंत बोलली नसती. पण नवऱ्यासमोर, मुलीसमोर, आईचं काम उसवून टाकणारी बाई मला व्हायचं नव्हतं.

"असं काय करतेस आई," मी म्हणाले, "सकाळी तूच नाही का घातलेस? विसरलीस?"

नितीन शेवटी डॉक्टर. तो तिच्याजवळ जाऊन बसला आणि अगदी हळुवारपणे विचारू लागला. "आई, आज वार कोणता, सांगता?" सहलीत वार कुणाच्या लक्षात असतो? माझ्याही नव्हता. ती अडखळली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पावसाकडे बघत बसले.

"असेल बाई," म्हणून तिने चौकोन माझ्या हातात दिला. पुन्हा सुई धरली नाही — तिथे नाही आणि नंतरही नाही.

परत गेल्यावर तिने आधी स्कूटर विकली. रस्ता चुकले तर काय, म्हणायची. गॅस बंद केला का, ते बघायला अर्ध्या जिन्यातून माघारी यायची. तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या. तिला वाटलं, आम्ही लपवतो आहोत. नितीननेच भावाला काळजीने फोन केला होता. भावाने तिला पुण्याला आपल्या घरी नेलं. जिला अख्खी शाळा टरकून असायची ती बाई चहात साखर घालताना सुनेला विचारायची, मी आधीच घातली नाही ना?

आणि मी? मी तो व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, 'आईला आता आठवत नाही, पण तिच्या हातांना आठवतं.' आणि जवळून दाखवले ते माझे टाके. लोक रडले. आपापल्या आयांबद्दल भरभरून लिहिलं त्यांनी. माझ्या कुठल्याच कामाची इतकी वाहवा झाली नव्हती. त्यानंतर दर रविवारी आईशी फोन व्हायचा, दर रविवारी सांगता आलं असतं. मी पुण्याची हवा विचारायचे.

मागच्या हिवाळ्यात ती न्यूमोनियाने गेली. त्याच्या थोडं आधी मी भेटून आले होते. दुपारची वेळ, घरात आम्ही दोघीच. मी तिला संत्रं सोलून देत होते.

"बाकीचे सगळे माझं मन राखतात," ती म्हणाली. "म्हणतात, तुम्हाला काही झालेलं नाही. तू एकटीने तिकडे आफ्रिकेत तोंडावर खरं सांगितलंस. बरं केलंस."

मी तिच्या हातावर एक फोड ठेवली. "हो, आई," म्हणाले.