शिंक न येणारं घर

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी सासरी, हिंडलग्याला गच्चीवर कपडे वाळत घालत होते. निपाणीहून शेवंता एवढंच म्हणाली, "आक्का गेली गं. झोपंतच." मी ओली चादर हातात धरून तशीच उभी राहिले... चादरीचं पाणी पायावर ठिबकत होतं आणि इतक्या लांब, निपाणीपासून इतक्या लांब, माझ्या नाकाला तंबाखूचा वास येत होता.

माझं बालपण तंबाखूच्या वखारीत गेलं म्हटलं की लोकांना मी गंमत करते असं वाटतं. धंदा उतरला, वखार ओस पडली, तेव्हा मालकानं आत पत्र्याच्या आडभिंती घालून खोल्या पाडल्या आणि भाड्यानं दिल्या. आमच्या शेजारच्या खोलीत आक्का राहायची. नात्यानं ती आमची कुणीच नव्हती. तरुणपणी ती याच वखारीत तंबाखू चाळायला यायची. पुढं नवरा गेल्यावर तिनं इथंच बिऱ्हाड थाटलं. पत्रे छतापर्यंत पोचत नव्हते, त्यामुळं वखारीत सगळ्यांची स्वप्नं सामायिक आहेत असं मला वाटायचं. पलीकडे आक्का झोपेत हसली की इकडे मला जाग यायची. तिच्या खोलीवर एक काचेचं कौल होतं. दुपारी त्यातून उन्हाचा पट्टा खाली उतरायचा आणि त्यात तंबाखूची जुनी धूळ तरंगत राहायची, कुठं जायची घाईच नसल्यासारखी...

ती धूळ कितीही झाडली तरी संपायची नाही. नवं बिऱ्हाड आलं की शिंकून शिंकून बेजार व्हायचं. नवी बाई शिंकली की आक्का पत्र्यावरून पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि म्हणायची, "पावनी हाय अजून." शिंका थांबेपर्यंत तिला बोळ झाडायची पाळी नसायची. थांबल्या की आक्का तिच्या हातात केरसुणी द्यायची. त्या दिवसापासून ती बाई वखारीची.

नगरपालिकेच्या दप्तरी मात्र ते गोदामच होतं, आणि तिथंच सगळं अडलं. मालकाला जागा विकायची होती. त्याचं म्हणणं, गोदामात भाडेकरू कसले? घरभाडेकरूला कायद्याचं जे संरक्षण असतं ते इथं लागूच नाही. ही माणसं अधूनमधून मुक्कामाला येतात, झालं. आमच्या वकीलबाई म्हणायच्या, इमारत कशासाठी बांधली ते बघू नका, आत रोज कुणाची चूल पेटते ते बघा. कोर्टानं पाहणीसाठी एक अधिकारी नेमला. हरलो असतो तर आक्काला दुसरं छप्पर नव्हतं. माहेर जांबोटीकडं होतं, पण तिथं तिला ओळखणारंही कुणी उरलं नव्हतं.

तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. साहेब येणार म्हटल्यावर आम्ही बायकांनी काय करावं? घरी पाहुणा येणार म्हणून अख्खी वखार झाडून काढली. भांडी, अंथरुणं ट्रंकांत भरली, दोरीवरचे कपडे उतरवले, स्टोव्हसुद्धा खाटेखाली ढकलले. साहेब बोळातून फिरले आणि म्हणाले, इथं कुणी राहतंय असं काही दिसत नाही. मालकाचा वकील गालात हसला. आमची तोंडं पाहण्यासारखी झाली होती. इतक्या हौसेनं आम्ही स्वतःच स्वतःला घराबाहेर काढलं होतं.

तेवढ्यात साहेब शिंकले. आमच्या झाडलोटीनं उठलेली धूळ ती. मग वकील शिंकला, मग कारकून. आक्का सवयीनं उठली. ट्रंक उघडली, वाकळ, लुगडी, देवाचं तबक असं सगळं बाहेर काढून ठेवत तळातला तांब्या शोधला आणि पाणी भरून साहेबांच्या हातात दिला. आधी साहेबांना कानडीत आणि मग वकिलाकडं वळून मराठीत ती शांतपणे म्हणाली, "तुमी शिंकताय, कारन तुमी पावनं हाईसा. आमच्यातलं कोन शिंकलं का बगा."

साहेबांनी आमच्याकडं बघितलं. एका बाईच्या खांद्यावरचं पोरसुद्धा निवांत झोपलं होतं. मग ते त्या उघड्या ट्रंकेकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, बाकीच्या पेट्याही उघडा. एकेक पेटी उघडत गेली तसतसं आमचं घर बाहेर येत गेलं...

कोर्टाचं काम, ते आपल्या चालीनं चाललं. माझं लग्न झालं, आई गेली, आमच्या खोलीत शेवंता राहायला आली. निकाल लागला तो आक्का गेल्यानंतर. वखारीत राहणारे हे घरभाडेकरूच, त्यांना तेच संरक्षण, कुणालाही उठवता येणार नाही. मला आनंद झाला आणि रागही आला, कोर्टाचा आला आणि आक्काचाही. थोडं थांबायला काय झालं होतं तिला?

परवा तिची खोली बघायला गेले. शेवंतानं कुलूप काढून दिलं आणि ती पलीकडं आपल्या खोलीत कामाला गेली. दुपार होती. काचेच्या कौलातून उन्हाचा पट्टा रिकाम्या खाटेवर पडला होता, त्यात धूळ तशीच तरंगत होती. मी पट्ट्यात हात धरला. बोटांभोवती धूळ फिरली, जरा वर गेली... आणि मी शिंकले. परत शिंकले. इतक्या वर्षांत मी इथली पाहुणी झाले होते, आणि हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी आक्काच्या खाटेवर बसून रडले.

मग पत्र्यावरून एक हात पुढं आला. त्या हातात पाण्याचा तांब्या होता.