बाबांची थर्ड शिफ्ट

काल संध्याकाळी आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीत वॉचमनने शिट्टी मारून पोरांना पार्किंगमधून हाकललं, आणि मला निगडीतली ती दुपार आठवली. बाबा थर्ड शिफ्ट करून येऊन झोपले होते. ऐन रंगात आलेली सिरियल आईने बंद केली, टीव्हीवर चादर टाकली आणि मला दंडाला धरून दाराबाहेर काढलं. "माणूस रात्रभर मशीनवर उभा होता. दंगा करायचाय ना, मग मैदानात जाऊन कर!"

तेरा वर्षांची मी, रागाने रडकुंडीला आले होते. पण तापलेल्या मातीत लगोरी रंगली आणि सिरियल कधी विसरले, कळलंही नाही. घरी परतले तेव्हा केसांनासुद्धा धुळीचा वास येत होता.

आम्हाला हाकलायला निदान मैदान तरी होतं! आता पोरं खाली खेळली की वर कुणाची तरी मीटिंग बिघडते. आणि हीच माणसं सोसायटीच्या ग्रुपवर शहाणपण शिकवतात, मुलं टीव्हीसमोरून हलत नाहीत म्हणून. हलून जायचं कुठे, ते सांगा की!

लेक बॉल काखेत मारून वर आली आणि तिने टीव्ही लावला. मी ओरडणार, तोच ती म्हणाली, "आई, याच्या आवाजाची कुणीच तक्रार करत नाही."